आठवडाभराचं कवच

"मॅडम, रिपोर्टवर 'झोना थिक' असं लिहिलंय. म्हणजे काही वाईट आहे का?"

आयव्हीएफच्या लॅबमध्ये भ्रूणांची देखभाल हे माझं रोजचं काम, त्यामुळे हा प्रश्न वरचेवर कानावर येतो. विचारणारी बाई बहुतेक वेळा आदल्या रात्री फोनवर शोधाशोध करून, झोप घालवून आलेली असते. मी कागदावर एक गोल काढते, त्याच्याभोवती दुसरा काढते आणि मधल्या पट्टीवर बोट ठेवून म्हणते, "हा झोना, बीजाचं कवच." तेवढ्यात पुढचा पेशंट आत येतो आणि सांगायचं राहून जातं. ते सगळं आज इथे सावकाश लिहिते.

सुरुवात स्वयंपाकघरातून करू. कोंबडीचं अंडं वाटीत अलगद फोडा. पांढरं पसरतं, पण बलक गोल, फुगीर, एकसंध राहतो. सुरीचं टोक टेकवलं की क्षणात फुटून वाहायला लागतो. म्हणजे त्याला धरून ठेवणारं काहीतरी होतं. डोळ्यांना जेमतेम जाणवणारा तो पापुद्रा हेच बीजाचं खरं कवच. पांढरं आणि टरफल बलक वाटेला लागल्यावर त्याच्यावर चढतं. पण त्या पापुद्र्याचा आतला थर अंडाशयातच तयार होतो, आणि माणसाच्या स्त्रीबीजाभोवतीचं कवच ज्या प्रथिनांचं बनतं त्यांचीच भावंडं त्या थरात सापडतात. आपल्या बीजाला टरफल नाही, बलकाचा साठाही नाही. पण हे कवच मात्र आपल्याकडेही आहे.

त्याचं नाव झोना पेल्युसिडा, म्हणजे पारदर्शक पट्टा. १८२७ मध्ये कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर यांनी कुत्रीच्या अंडाशयात सस्तन प्राण्याचं बीज पहिल्यांदा नीट ओळखलं, तोवर हे बीज असतं कसं हेच कुणाला ठाऊक नव्हतं. मायक्रोस्कोपखाली झोना काचेच्या बांगडीसारखा चकाकतो. माणसाचं स्त्रीबीज मिलिमीटरच्या साधारण दहाव्या भागाएवढं, म्हणजे नजर चांगली असेल तर टिंबासारखं दिसेल इतपत. त्याच्याभोवतीचं कवच १५ ते २० मायक्रॉन जाडीचं, आपल्या केसाच्या जाडीचा चौथा-पाचवा हिस्सा. इक्सी करताना, म्हणजे सुईने एकच शुक्राणू बीजात सोडताना, सुईचं टोक आधी या कवचाला लागतं. कवच आत दबतं, खळगा पडतो, आणि मग एका क्षणी सुई आरपार जाते. इतक्या वर्षांनंतरही त्या क्षणी मी श्वास रोखून धरते. कवच चिवट आहे हे हाताला कळतं. सुई मागे घेतली की ते पुन्हा गोल होतं.

हा चिवटपणा त्याच्या विणीतून येतो. झोना म्हणजे पेशींचा थर नव्हे. साखरेच्या साखळ्या चिकटलेल्या मोजक्या प्रथिनांचे लांबलचक धागे एकमेकांत गुंतून झालेलं ते जाळं आहे. माणसात अशी चार प्रथिनं आहेत, झेडपी १ ते झेडपी ४. उंदरात तीनच. चौथ्याचा जनुक त्यांच्याकडे आहे, पण निकामी झालेला. झेडपी १ हे या धाग्यांना आडवे टाके घालतं. ते नसेल तर वीण सैल पडते.

शुक्राणूंच्या बाबतीतलं कवचाचं काम शाळा-कॉलेजच्या पुस्तकांत बऱ्यापैकी असतं, म्हणून थोडक्यात सांगते. ते आपल्या जातीचा शुक्राणू ओळखून घेतं आणि परक्याला बहुधा अडवतं. १९७६ मध्ये यानागिमाची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हॅमस्टरच्या बीजावरचं कवच काढून टाकलं, तर माणसाचा शुक्राणू त्या बीजात शिरू शकला. दार काढलं आणि कोणीही आत आलं. एक शुक्राणू आत शिरला की बीजाच्या कडेला रांगेने बसलेल्या बारीक पिशव्या फुटतात, त्यांतून ओव्हास्टॅसिन नावाचा एन्झाइम बाहेर पडतो आणि झेडपी २ प्रथिन ठरावीक जागी कापतो. त्यानंतर आलेल्या शुक्राणूंना धरायला काही उरत नाही. कवचही आणखी घट्ट होतं. दोन शुक्राणू आत गेले तर गुणसूत्रांचे तीन संच जमतात आणि असा गर्भ तगत नाही, म्हणून ही दारबंदी.

दार बंद झालं, फलन झालं. मग कवचाचं काम संपलं का?

मला यातला सगळ्यात मोलाचा भाग इथून पुढचा वाटतो. कारण फलनानंतरही हे कवच माणसात पाच-सहा दिवस जागेवर राहतं. त्या दिवसांत भ्रूण गर्भनलिकेतून गर्भाशयाकडे येतो, एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार, चाराच्या आठ होतात. पण एकूण आकार वाढत नाही. परातीत मळलेली कणीक तेवढीच असते, आपण तिचे दोन गोळे करतो, मग चार, मग आठ. तसंच हे. प्रत्येक गोळा आधीच्यापेक्षा लहान, आणि सगळे मिळून त्याच कवचात मावणारे.

हे कवच या काळात काढून टाकलं तर काय होईल? १९७० मध्ये या प्रश्नावर दोन ठिकाणी काम प्रसिद्ध झालं. वॉर्सामध्ये यात्सेक मॉडलिन्स्की यांनी, आणि दुसरीकडे ब्रॉन्सन व अ‍ॅन मॅक्लॅरेन यांनी उंदराच्या भ्रूणांवरचं कवच काढलं आणि ते भ्रूण मादीच्या गर्भनलिकेत सोडले. ज्यांच्या पेशी अजून सुट्या-सुट्या होत्या ते भ्रूण जवळजवळ सगळे वाया गेले. कवच असलेले वाढत राहिले. पण पेशी एकमेकींना घट्ट धरून गोळा बनल्यानंतर, म्हणजे पुढच्या टप्प्यावर, कवच काढलं तर ते भ्रूण तगून पिल्लं जन्मली.

खरी मेख पुढे आहे. तेच उघडे भ्रूण काचेच्या बशीत, पोषक द्रवाच्या थेंबात वाढवले तर चांगले वाढतात. म्हणजे कवचाविना पेशींना जगता येत नाही असं नाही, त्या जगतात. जगता येत नाही ते गर्भनलिकेत. ही गोष्ट मला पहिल्यांदा नीट कळली तेव्हा कवचाकडे बघण्याची माझी नजरच बदलली. कवच भ्रूणाला खाऊ घालत नाही, वाढवतही नाही. ते भ्रूण आणि आईचं शरीर यांच्यामध्ये उभं राहतं, आणि तेही फक्त ठरावीक दिवस.

गर्भनलिका म्हणजे गुळगुळीत पाइप नव्हे. तिची आतली भिंत मखमलीसारखी घड्याघड्यांची, केसाळ पेशींनी झाकलेली, सतत हलणारी, आणि नळीही आकुंचन पावणारी. पहिल्या दोन-तीन दिवसांत भ्रूणाच्या पेशी एकमेकींना जेमतेम टेकलेल्या असतात. अशा सुट्या पेशी त्या घड्यांत सापडल्या की पांगतात. त्या चिकटही असतात. उघडा भ्रूण नळीच्या भिंतीला चिकटून तिथेच अडकतो. आणि उंदरासारख्या एका वेळी अनेक पिल्लं देणाऱ्या प्राण्यात तर आणखी एक अडचण, शेजारचे दोन भ्रूण एकमेकांनाच चिकटतात.

हे चिकटणं किती पूर्ण असतं ते १९६१ मध्ये आंद्झेय तारकोव्स्की यांनी दाखवलं होतं. त्यांनी उंदराच्या आठ पेशींच्या दोन भ्रूणांवरची कवचं काढली आणि दोघांना एकमेकांना टेकवून ठेवलं. दोन गोळे मिळून एकच भ्रूण झाला. त्यातून पिल्लू जन्मलं ते एकच, पण त्याचे आईबाप चार. पुढे बिअ‍ॅट्रिस मिंट्झ यांनी कवच विरघळवायला प्रोनेज नावाचा एन्झाइम वापरून असे उंदीर मोठ्या संख्येने तयार केले. काहींच्या अंगावर दोन रंगांचे पट्टे होते. १९८४ मध्ये तर केंब्रिजला शेळी आणि मेंढीचे भ्रूण असेच एकत्र करून एक प्राणी जन्माला घातला गेला, त्याच्या अंगावर कुठे लोकर, कुठे केस. उंदरिणीच्या पोटात एका वेळी सात-आठ भ्रूण शेजारी-शेजारी प्रवास करतात, तरी प्रत्येक पिल्लू वेगळं जन्मतं. त्याचं श्रेय या पातळ पारदर्शक भिंतींना.

याच सुमाराला केंब्रिजमध्ये स्टीन विलाडसेन यांच्यापुढे वेगळी अडचण होती. मेंढीच्या दोन पेशींच्या भ्रूणातल्या पेशी सुट्या करून त्यांना जुळी कोकरं मिळवायची होती. एक-एक पेशी रिकाम्या कवचात भरता येत होती, पण पेशी आत घालायची म्हणजे कवचाला चीर पाडावीच लागते. चिरलेल्या कवचातले भ्रूण मेंढीच्या गर्भनलिकेत टिकेनात. १९७९ मध्ये त्यांनी काढलेला उपाय मला फार आवडतो. ते चिरलेलं कवच त्यांनी अगारच्या बारीक दंडगोलात बुडवून थिजवलं. अगार म्हणजे आपल्याकडे जेली करायला किराणा दुकानात मिळणारं चायना ग्रास. कवच फाटलं तर त्यावर चायना ग्रासचं दुसरं कवच! असे भ्रूण काही दिवस मेंढीच्या नलिकेत ठेवले, मग अगार सोडवून वाढलेले भ्रूण दुसऱ्या मेंढ्यांच्या गर्भाशयात सोडले, आणि हुबेहूब सारखी जुळी कोकरं जन्माला आली. पोषक द्रव अगारमधून आरपार जातो, पण नळीतल्या पेशी आत येऊ शकत नाहीत. कवच नेमकं काय करतं, याचं याहून स्पष्ट प्रात्यक्षिक मी पाहिलेलं नाही.

हेच सूत्र धरून भारतातली एक गोष्ट सांगते. हरियाणातल्या करनालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत २००९ मध्ये गरिमा नावाची क्लोन केलेली म्हैस जन्मली. तिथे वापरलेल्या पद्धतीत बीजावरचं कवच मुद्दाम काढून टाकतात, कारण उघडं बीज बारीक पात्याने हाताने कापता येतं आणि महागडी यंत्रं लागत नाहीत. मग हे कवचाविना भ्रूण जगले कसे? त्यांना गर्भनलिकेचा प्रवास करावाच लागला नाही. आठवडाभर ते बशीत वाढले आणि पुढच्या टप्प्यावर पोहोचल्यावर थेट गर्भाशयात सोडले गेले. १९७० मध्ये उंदरांवर जे दिसलं होतं ते इथे गोठ्यापर्यंत पोहोचलं.

आता कवचाच्या आत काय चालतं ते पाहू. पेशी चार झाल्या की कवचाच्या गोल खोलीत त्या बहुधा अशा रचल्या जातात की खाली तीन आणि वर एक, बाजारात संत्री रचतात तशा. प्रत्येक पेशी उरलेल्या तिघींना टेकते. कवच काढलं की त्या अनेकदा पसरट होतात, कधी एका ओळीतही येतात, आणि मग कुणी एकमेकींना टेकते, कुणी टेकत नाही. हे एवढं महत्त्वाचं का? कारण थोड्याच काळात पेशी एकमेकींना घट्ट आवळून घेतात, तुतीच्या फळासारखा दिसणारा गोळा गुळगुळीत होतो, आणि काही पेशी आत, काही बाहेर अशी वाटणी पडते. बाहेरच्यांपासून पुढे वारेचा भाग बनतो, आतल्यांपासून बाळ. आपल्याला कुठे जागा मिळाली, यावरून पेशीचं पुढचं आयुष्य ठरत जातं. सुरुवातीला पेशींना नीट रचून जवळ धरण्याचं काम कवच करतं. एकदा त्या स्वतः एकमेकींना धरायला लागल्या की तो आधार लागत नाही. उशिरा कवच काढलेले भ्रूण तगले ते त्यामुळेच.

कवच याहून पुढे जाऊन भ्रूणाची दिशासुद्धा ठरवतं का, यावर बराच वाद झाला. उंदराचं कवच अगदी गोल नसतं, किंचित लांबट असतं. २००७ मध्ये जपानी संशोधकांनी पेशींचा जन्मापासून मागोवा घेत दाखवलं की पुढे भ्रूणात तयार होणारी पाण्याची पोकळी आणि आतल्या पेशींचा पुंजका या लांबट आकाराला धरून बसतात, कोणती पेशी कोणाच्या पोटची याला धरून नव्हे. पोकळीतल्या पाण्याला जिकडे ऐसपैस जागा, तिकडे ती सरकते. दिशा आधीपासून पेशींतच लिहिलेली असते असं मानणाऱ्यांना ते पटलं नाही. माझं मत विचाराल तर उंदराच्या बाबतीत आकाराचा परिणाम खरा वाटतो. पण कवच काढलेल्या भ्रूणांतूनही पिल्लं जन्मतात, तेव्हा त्याला फार मोठा मान देऊ नये.

कवच फलनाच्या कितीतरी आधीपासूनही कामाला लागलेलं असतं. अंडाशयात बीज वाढत असतं तेव्हा त्याच्याभोवतीच्या मदतनीस पेशी कवचातून आरपार बारीक बोटं घालून बीजाला स्पर्श करतात आणि त्यातून त्याला खाऊ पुरवतात. कवच नसेल तर हे नातंच नीट जुळत नाही. ज्या उंदरिणींचा झेडपी ३ चा जनुक काढला त्यांची बीजं कवचाविनाच बनली आणि त्या वांझ राहिल्या. झेडपी १ काढला तर कवच सैल झालं, पिल्लं झाली पण कमी. कवच नसलेल्या अशा बीजांपासून बशीत भ्रूण तयारही झाले, पण दुसऱ्या उंदरिणींच्या पोटात सोडल्यावर त्यांतून पिल्लं जन्मली नाहीत. अगोदर पाहिलेल्या प्रयोगांत कवच नंतर काढलं होतं, त्यातून पिल्लं झाली. इथे ते मुळातच नव्हतं. म्हणजे बीजाच्या घडणीतच काहीतरी कच्चं राहिलं. माणसातही हे दिसलं आहे: चीनमधल्या एका कुटुंबातल्या मूल न होणाऱ्या बहिणींच्या बीजांना कवचच नव्हतं आणि त्याचं मूळ झेडपी १ च्या जनुकातल्या दोषात होतं, हे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं.

गुरांच्या भ्रूणांची देशोदेशी ने-आण होते तीही याच कवचाच्या भरवशावर. नियम असा की भ्रूण दहा वेळा धुवायचा, आणि धुण्याआधी-नंतर मायक्रोस्कोपखाली पाहून कवच अखंड आहे, त्याला काही चिकटलेलं नाही याची खात्री करायची. अनेक रोगजंतू अखंड कवचाच्या आत शिरत नाहीत, ते धुऊन जातात. चीर दिसली तर तो भ्रूण बाद.

प्रत्येक प्राण्याने मात्र यात आपापली भर घातली आहे. सशाच्या भ्रूणावर नळीतून जाताना कवचाच्या वर आणखी एक बुळबुळीत थर चढतो. घोडीचा भ्रूण तर कवचाच्या आतून नवीन, वेगळंच आवरण बनवतो. झोना गळून गेला तरी ते आवरण राहतं, आणि त्याच्या आधाराने तो भ्रूण सोळाव्या दिवसापर्यंत गर्भाशयाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरत राहतो. घोडीच्या शरीराला गर्भ राहिल्याची वर्दी अशीच मिळते.

माणसाच्या भ्रूणाला इतकं फिरायचं नसतं. त्याला चिकटायचं असतं. आणि इथे कवचाचं काम उलटतं. चार दिवस जे चिकटू देत नव्हतं, त्यानेच आता वाट द्यायची असते. पाचव्या दिवशी बाहेरच्या पेशी मिठाचे कण आत ढकलतात, त्यांच्यामागून पाणी येतं, आणि भ्रूण फुग्यासारखा फुगतो. याला आम्ही ब्लास्टोसिस्ट म्हणतो. कवच ताणून पातळ होत जातं. भ्रूण मध्येच आकसतो, पुन्हा फुगतो, जोर लावल्यासारखा. काही एन्झाइमही कवचाला पोखरतात, आणि गर्भाशयात तिथल्या स्रावांची मदत असते. मग एका जागी फट पडते आणि त्यातून पेशींचा फुगा बाहेर येऊ लागतो. अर्धा आत, अर्धा बाहेर, अगदी इंग्रजी आठच्या आकड्यासारखा. आमच्या भाषेत हे हॅचिंग.

आता त्या बाईंच्या प्रश्नाकडे येते. कवच जाड आहे, म्हणजे भ्रूण बाहेर पडू शकणार नाही, असं थेट गणित नाही. जाडी एकाच कवचातही सगळीकडे सारखी नसते, आणि फुगणारा भ्रूण ते ताणून पातळ करतोच. भ्रूण जोमदार आहे का, हा प्रश्न जाडीपेक्षा मोठा आहे. लेझरने कवचाला बारीक भोक पाडून वाट मोकळी करण्याची सोय आहे, तिला असिस्टेड हॅचिंग म्हणतात, आणि ती वेगळे पैसे घेऊन दिली जाते. पण सरसकट सगळ्यांना केल्याने मूल होण्याची शक्यता वाढते असं नीट सिद्ध झालेलं नाही, आणि या क्षेत्रातल्या मोठ्या वैद्यकीय संस्थाही ती सरसकट करा असं सांगत नाहीत. म्हणून मी सांगते, "ताई, आधी डॉक्टरांना विचारा, माझ्याच बाबतीत हे कशासाठी? कारण पटलं तर करा. नुसत्या 'थिक' या शब्दाला घाबरून करू नका."

मग शक्य असेल तर स्क्रीनवर त्यांचा भ्रूण दाखवते. परवा एकींचा सहाव्या दिवसाचा होता. रिपोर्टवर जाड म्हणून लिहिलेल्या कवचाच्या एका कडेने तो जवळपास सगळा बाहेर आला होता, आणि मागे ती काचेची बांगडी रिकामी, जराशी चेपलेली, द्रवाच्या थेंबात पडून होती. त्या बराच वेळ तिकडेच बघत होत्या. भ्रूण कुठला हे मला त्यांना बोट ठेवून दाखवावं लागलं.